खिडकीकडची बाजू

बुधवारी सकाळी नवऱ्याने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि माझं डोकं फिरलं. रविवारी तो धाकट्या भावाकडे जाणार होता. "चार दिवस राहून येतो," असं म्हणाला होता. पण चार दिवसांसाठी कुणी स्वेटर, चष्म्याची जुनी जोडी आणि घरातली सगळी औषधं बांधून घेत नाही. माणूस घर सोडून चालला होता आणि का, ते मला कळत नव्हतं. विचारावं, तर तो माझा स्वभाव नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवते. मला चुका दाखवायची सवय आहे, विचारपूस करायची नाही.

आमची कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. पूर्वी हा दारातून आत आला की तोंडाचा पट्टा सुरू. छापखान्यात आज कुणी कुठलं पान उलटं लावलं, कुठल्या पत्रिकेत नवऱ्या मुलाचंच नाव गळलं, साहेब कुणावर कसा भडकला, सगळं नकलेसकट. मी स्वयंपाक करता करता हसत असायची. गेल्या वर्षी छापखाना बंद पडला. हा घरी बसला आणि हळूहळू बोलेनासा झाला. जेवायला माझ्या डाव्या हाताला बसायचा, ताटात बघून जेवायचा आणि उठायचा. काम गेल्याचं दुःख आहे, ओसरेल, असं मी धरून चालले. ओसरलं काहीच नाही. बॅग तेवढी खाली आली.

"दुपारी कुलूप लावून जा कुठे गेलास तर," एवढंच मी म्हटलं आणि दार आपटून शाळेत गेले.

आता शाळेतलं सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. मी मुलांना चेहऱ्यांवरून लिहायला शिकवते. पूर्वी मीही 'माझी आई' असले निबंध लिहून घ्यायची. वर्गातल्या सगळ्या आया एका साच्यातून काढलेल्या. सगळ्या पहाटे उठणाऱ्या, सगळ्या मायेचा सागर. एका मुलाची आई रुग्णालयात रात्रपाळीला होती, तीही त्याच्या निबंधात पहाटे उठून बसली होती. तेव्हा मी गाइडं जप्त केली. बाजारातला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला होता, त्याच्या मालकाकडून मी लोकांनी कधी न नेलेल्या फोटोंचं खोकंच उचलून आणलं. कुणाचे कोण, काही पत्ता नाही. एकेक चेहरा फळ्यावर लावायचा आणि मुलांनी त्याच्यावर इंग्रजीत लिहायचं.

नियम एकच. फळ्याच्या मधोमध रेघ. एका बाजूला 'दिसतं', दुसऱ्या बाजूला 'वाटतं'. डोळ्यांना दिसतं ते आधी लिहायचं, तीन वाक्यं तरी. ती झाल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. सुंदर, प्रेमळ, आदर्श, हे शब्द वर्गाच्या बाहेर चपलांशेजारी ठेवून यायचे. पोरं आधी रडली. मग त्यांना चटक लागली. एका मिशीवाल्या गृहस्थांवर मागच्या बाकावरच्या एका पोराने लिहिलं होतं : मिशी एका बाजूला लांब आहे, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात, एक बटण निराळ्या रंगाचं आहे. आणि रेघेपलीकडे फक्त एक वाक्य : मला वाटतं, कोट दुसऱ्याचा आहे. व्याकरणाचा मुडदा पडला होता, पण मी ते वाक्य सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवत फिरले.

त्या बुधवारी मी खोकं उघडलं, तर अ तुकडीतला 'वकील' उभा राहिला. नाव दुसरंच आहे त्याचं, पण सगळी शाळा वकीलच म्हणते.

"मॅडम, एक हरकत आहे."

"नेहमीच असते. बोला."

"ही फोटोतली माणसं तक्रार करायला येत नाहीत. आम्ही काय वाट्टेल ते लिहितो. चूक की बरोबर, कळणार कसं? जिवंत माणूस द्या की."

वर्ग हसला. सकाळचा राग माझ्या डोक्यात होताच. राग असला की मला शौर्य चढतं. मी टेबल बाजूला सारलं, खुर्ची मधोमध ओढली आणि बसले.

"घ्या. आज मी फोटो. नियम तोच. खरं लिहिलंत म्हणून कुणालाही शिक्षा नाही. फक्त दाढी-मिशी लिहू नका, दिसत असली तरी."

पोरं पोट धरून हसली. मी फोटोत हसतात तशी हसले आणि तशीच बसून राहिले. पेनं चालू लागली. ती कुरकुर मला फार आवडते. सगळे मान वर करून बघत होते, पुन्हा खाली घालत होते. इतकी माणसं एका वेळी आपल्याकडे इतकं निरखून बघतायत, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

मग वाचायला सांगितलं. पहिली मुलगी उठली. मॅडमच्या केसांत पांढरे केस पुढेच आहेत. साडीच्या पिनेला गंज आहे. मॅडम हसतात तेव्हा दाराकडची बाजू हसते, खिडकीकडची हसत नाही.

"वा," मी म्हटलं. "पिनेबद्दल घरी गेल्यावर बघते. पुढचा."

पुढच्याने चष्म्यापासून सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्याला तेच. तोंड दाराकडे ओढलं जातं. त्याच्या पुढच्यानेही तेच. एकीने लिहिलं होतं, खिडकीकडचा डोळा कमी मिटतो. पाचव्याला मी थांबवलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"नक्कल!" मी ओरडले. "माझ्या तासाला, माझ्या समोर, माझ्याच तोंडाची नक्कल! पहिलं वाक्य कुणाचं? उभं राहायचं."

कुणी उभं राहिलं नाही. शेवटी वकीलच उठला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"मॅडम, कुणी कुणाचं बघितलं नाही. ते तसंच आहे."

"बस खाली!"

खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी काहीतरी म्हणाली असावी, कारण सगळ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या. मी "काय?" म्हणून विचारलं. ती रडवेली झाली होती. कागद हातात धरून तिने पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. 'दिसतं'च्या बाजूचं तिचं शेवटचं वाक्य होतं. मी या बाजूने उत्तर दिलं तर मॅडम वळत नाहीत. आणि रेघेपलीकडे लिहिलं होतं, मला वाटतं, मी त्यांना आवडत नाही.

मला ते झोंबलं. पण कबूल कोण करणार? सगळं ठरवून केलेलं आहे, अशी माझी खात्री होती. पुराव्यासकट पकडायचं म्हणून मी घंटा झाल्याबरोबर व्हरांड्यापलीकडच्या ब तुकडीत शिरले. तिथे गणिताचा तास होता. गणिताच्या बाईंना म्हटलं, दहा मिनिटं द्या, एक चोरी पकडायची आहे. त्या बिचाऱ्या बाजूला झाल्या. ब तुकडीला काही सुगावा नव्हता. मी खुर्चीत बसले, हसले, लिहा म्हटलं. मनात म्हणत होते, आता बघू या कसं जुळतं ते.

पहिला मुलगा उठला आणि वाचू लागला. मॅडमची खिडकीकडची बाजू हसते. दाराकडची बाजू हसत नाही.

मला आधी आनंद झाला. उलटं निघालं! खोटेपणा पकडला! मी "बघा!" म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझी नजर दाराकडे गेली. ब तुकडीचं दार माझ्या डाव्या हाताला होतं. व्हरांड्याच्या दोन बाजूंना समोरासमोरचे वर्ग. अ तुकडीत खिडकी माझ्या डाव्या हाताला, इथे दार डाव्या हाताला. नक्कल केली असती तर यांनीही तेच लिहिलं असतं. यांनी लिहिलं होतं ते माझ्याकडे बघून लिहिलं होतं.

आणखी दोघांनी वाचलं, तेच. मग मी कुणाला वाचायला सांगितलंच नाही. गणिताच्या बाईंचे आभार मानायचंही भान राहिलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर एकटेच ब्रश धूत होते. ह्या माणसाचे डोळे म्हणजे मोजपट्टी. मी समोर जाऊन उभी राहिले.

"सर, माझं तोंड वाकडं आहे का?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, मॅडम."

"कधीपासून?"

"बरेच महिने झाले. दाताचं काही केलं असेल, असं वाटलं. बाईमाणसाला तिच्या चेहऱ्याबद्दल काय विचारणार? बाकीचे म्हणत होते, तुम्ही रागावलेल्या असता."

"कुणावर?"

"तसं काही नाही... सगळ्यांवरच. नेहमीसारख्या."

एरवी मी हसले असते. आरशात मी टिकली आणि भांग बघण्यापुरतीच डोकावते, तिथे हसून कोण बघतं? अख्खी खोली माझ्याकडे रोज बघत होती, माझ्यासोबत चहा पीत होती, आणि सभ्यपणाने गप्प होती. मला त्या सभ्यपणाची इतकी चीड आली की मी कपाटाच्या दाराला लाथ मारली. मग त्या खिडकीजवळच्या मुलीचं वाक्य आठवलं. मी फोन काढला, भिंतीवरच्या फलकावरून शाळेच्या कार्यालयाचा नंबर लावला आणि फोन डाव्या कानाला धरला. काहीच नाही. लागला नाही बहुतेक, म्हणून उजव्या कानाला धरला, तर कारकून वैतागून ओरडत होता, "हॅलो, हॅलो, अहो बोला ना!"

पुन्हा डावीकडे धरला. शांतता. त्या कानाला एकही आवाज येत नव्हता, आणि तो केव्हा यायचा बंद झाला ते मला माहीत नव्हतं. सबंध आयुष्य मी फोन उजव्याच कानाला धरत आले होते. चित्रकलेच्या सरांनी खुर्ची पुढे केली आणि पाणी आणलं. मी अर्धी रजा टाकून घरी गेले.

नवरा पलंगावर बॅग उघडून बसला होता. मला अवेळी बघून तो घाईघाईने उठला, चोरी पकडल्यासारखा.

"अरे, माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

"काय झालं?"

"आधी बघ. मी हसते. सांग काय दिसतं."

मी हसले. भीतीने हसता येत नव्हतं, तरी हसले. त्याने एक क्षण बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"पुरे ना आता," तो म्हणाला. "कळलंय मला. म्हणून तर चाललोय."

"काय कळलंय?"

"हेच. हे असं अर्ध्या तोंडाने हसणं. घरी बसलेल्या माणसाची कीव येते तुला. मी काही बोललो तरी असंच हसतेस, नाही तर उत्तरच देत नाहीस. वर्ष होत आलं. मी काय आंधळा आहे?"

हा माणूस वर्षभर माझ्या शेजारी बसून माझा अपमान गिळत होता. मी कधी केलाच नव्हता तो अपमान.

"ते वाटतं," मी ओरडले. माझा आवाज फुटला. "ते तुला वाटतं! मी दिसतं काय ते विचारतेय. मास्तरणीची शपथ आहे तुला, दिसतं तेवढंच सांग!"

तो चिडून माझ्याकडे वळला. आणि मग त्याने खरंच बघितलं. चष्मा कपाळावर चढवून, छापखान्यात टाईप तपासायचा तसं, अगदी जवळून. त्याचा राग माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला आणि त्या जागी जे आलं त्याने मी जास्त घाबरले.

"डावा गाल हलत नाही," तो म्हणाला. "ओठाचा कोपरा... खाली आलाय. हा डोळा पुरता मिटत नाही तुझा. अगं, हे काय आहे?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघं बॅगेच्या दोन बाजूंना पलंगावर बसून राहिलो.

गुरुवारी कानाचे डॉक्टर, शुक्रवारी मोठ्या रुग्णालयात स्कॅन, शनिवारी पुन्हा डॉक्टर. मोठ्या डॉक्टरीण बाई वयाने माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. त्यांनी पडद्यावर माझ्या डोक्याचं चित्र लावलं. माझं आजवरचं सगळ्यात आतलं चित्र. त्यात कानाच्या मागे एक पांढरा ठिपका होता. चेहऱ्याच्या नसेवर गाठ आहे, हळू वाढणारी. वाईट जातीची दिसत नाही, पण आता थांबता येणार नाही, कारण पुढची वाट मेंदूकडे जाते. काढावी लागेल. गेलेला कान परत येणार नाही. गाल परत येईल, असं वचन देता येत नाही.

"म्हणजे मी अशीच राहणार?" मी विचारलं.

"कदाचित. पण राहणार. आणखी वर्ष काढलं असतं तर तेही सांगता आलं नसतं." त्यांनी पेन उचललं. "हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?"

"बुधवारी," मी म्हटलं. "माझ्या वर्गातल्या पोरांच्या."

"त्याआधी काहीच नाही? किती वेगाने वाढलीये, ते कळलं तर बरं पडेल."

"गेल्या वर्षी," नवरा म्हणाला. "छापखाना बंद झाला त्याच्या पुढच्या सोमवारी. सकाळचा चहा घेताना."

मी वळून त्याच्याकडे बघितलं.

"नक्की?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"नक्की. मी साहेबाची नक्कल केली होती. ही नेहमी पूर्ण हसायची. त्या दिवशी अर्धंच हसली. त्याआधी महिना-दोन महिने मी डाव्या बाजूने बोललो की उत्तर कधी यायचं, कधी नाही. मी त्यानंतर नक्कल केली नाही."

डॉक्टरीण बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, फार उपयोगाची माहिती आहे, इतकं नेमकं कुणी सांगत नाही. मला त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. माझ्या आजाराची तारीख जगात एकाच माणसाला ठाऊक होती आणि त्याने ती आमच्या संसाराची शेवटची तारीख म्हणून मनात धरून ठेवली होती.

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. बाहेरच्या बाकांवर गर्दी होती, आम्हाला कोपऱ्यात जागा मिळाली. नवरा सवयीने माझ्या डावीकडे बसला, मग उठला आणि फिरून उजवीकडे येऊन बसला. बसता बसता त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि त्याने तो मागे घेतला नाही.

"भावाला फोन करून सांगतो, रविवारी येत नाही म्हणून," तो म्हणाला.

"डाव्या बाजूने काय काय बोललास रे वर्षभर?" मी विचारलं. विचारपूस करायचा माझा स्वभाव नाही, तरी विचारलं. "मला एकही शब्द आलेला नाही."

"काही नाही. पाणी दे, पंखा बंद कर, असलंच."

"खरं सांग."

त्याने हातातलं रिपोर्टचं पाकीट बाकावर ठेवलं.

"एकदा विचारलं होतं," तो म्हणाला. "जेवताना. धीर गोळा करून. म्हटलं, मी असा घरी बसलेलो, तुला नकोसा झालोय का? तू जेवत होतीस. मग माझ्याकडे बघून अर्धं हसलीस आणि ताट उचलून आत गेलीस. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आणि मग एकदम ध्यानात आलं, की मी आत्ताही गप्पच आहे, आणि तो माझ्या तोंडाकडे बघतोय.

"नाही!" मी ओरडले, इतक्या मोठ्याने की समोरच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं आणि नर्स दारातून बाहेर डोकावली. "नाही, नाही, नाही!"